तिसरी हाक

एका राज्यात समुद्राला भरती होती, पण ओहोटी नव्हती. म्हाताऱ्या राजाने एकदा पाण्याची खोटी खोली सांगून एका मांत्रिकाचं जहाज खडकावर घातलं आणि त्यातल्या मोत्यांचं सिंहासन घडवलं. बुडता बुडता मांत्रिक म्हणाला, "तुझे पुत्र या सिंहासनासाठी भांडतील, त्या दिवसापासून पाणी चढतच राहील." राजा मेला, दोघे पुत्र भांडले, वर्षभर पाणी चढत राहिलं. शापाला उतारा होता. तो राजवाड्यातल्या बोलक्या कुरव पक्ष्याला ठाऊक होता. पण पक्ष्याला विचारतो कोण?

राज्य फाटलं तसं आरमारही फाटलं. हिरोजी आणि पोसू एकाच गलबतावरचे जिवलग. पोसू शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली पुकारायचा, हिरोजी त्या हाकेवर सुकाणू धरायचा. "सात वाव!" म्हटलं की "ऐकलं रे!" असं उत्तर यायचं. उत्तर आल्याशिवाय पोसू दोरी ओढत नसे. आता हिरोजी थोरल्या राजपुत्राच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, झाला आणि पोसू धाकट्याच्या आरमारात गेला. गावं दोन बाजूंना पडली, एवढंच कारण.

एके सकाळी दाट धुकं उतरलं. खडक तर केव्हाच पाण्याखाली गेले होते. पोसूने हाक दिली, "आठ वाव!"

शत्रूच्या बाजूने उत्तर आलं, "ऐकलं रे!"

पोसूने तो आवाज ओळखला. वाट चुकलेल्या हिरोजीच्या तोंडून सवयीने उत्तर निघून गेलं होतं.

पोसूचा सरदार हसला. "आपल्या आणि त्याच्या गलबतामध्ये खडक आहे. खोल पाण्याच्या तीन हाका दे. तो तुझ्या आवाजावर येईल."

"सरदार, तो माझा मित्र आहे."

"तो शत्रू आहे." सरदाराने तलवार त्याच्या मानेवर टेकवली.

पोसू भ्याला. जीव कुणाला नको असतो? तो ओरडला, "नऊ वाव!"

"ऐकलं रे!" शिडाची फडफड जवळ आली.

"दहा वाव!" या वेळी उत्तराला उशीर झाला. कळू दे त्याला, देवा, परत फिरू दे, असं पोसू मनात घोकत राहिला. पण उत्तर आलंच, "ऐकलं रे!" आता सुकाणूची करकरही ऐकू येत होती.

पोसूने डोळे मिटले आणि छाती फोडून हाक दिली, "दोन वाव! खडक आहे! हिरोजी, वळव!"

सरदाराने तलवार उगारली. तेवढ्यात गलबत कललं आणि तो तलवारीसकट आडवा झाला. वर्षभराची ओहोटी एका दमात लागली होती. धुकं विरलं. दोन्ही गलबतं चिखलात बसली होती, मधोमध काळा खडक उभा होता आणि त्यावर कुरव.

"शत्रूला कुणी खरी खोली सांगेल, तेव्हा शाप सुटेल," तो म्हणाला. "वर्षभर सांगायला बसलो होतो."

राजपुत्रांनी मोती समुद्राला परत दिले आणि साध्या लाकडी पाटावर शेजारी शेजारी बसून राज्य केलं.

पोसू मात्र त्याच दिवशी चिखल तुडवत हिरोजीपाशी गेला. त्याची मान वर होईना. "नऊ आणि दहाच्या दोन हाका खोट्या होत्या."

"कळलं होतं. तुझा आवाज कापत होता."

"मग वळला का नाहीस?"

हिरोजी म्हणाला, "तुझी तिसरी हाक यायची होती."

खरी हाक त्यांना तारून गेली, ती सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही तारो.