चिमाकाकीचा इस्तू

फार फार वर्षांपूर्वीची, काडेपेटी अजून घाट चढून वर आली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत सावरदरा नावाचं गाव होतं आणि गावात चिमाकाकी राहायची. विस्तवाला त्या गावात इस्तू म्हणत. काकी रोज निजण्याआधी गोवरीवर निखारा ठेवायची, वर राखेचं पांघरूण घालायची, आणि सकाळी राख सारली की निखारा तांबडालाल. चाळीस वर्षांत तिची चूल एकदाही विझली नाही, असं म्हणतात. ज्याची विझे तो खापर घेऊन तिच्या दारी येई. इस्तवासोबत चार बोलणीही खाई, कारण काकीची जीभ निखाऱ्याहून गरम होती.

मग ओढ्यापलीकडच्या येसूच्या नवऱ्याने बाजारातून काडेपेटी आणली. पाठोपाठ घरोघरी आली. चूल झाकायची सवय मोडली आणि काकीच्या दारी कुणी फिरकेना. काकीच्या ते फार जिव्हारी लागलं. ती चुलीशीच बोलत बसायची.

येसूला काडेपेटीचं एवढं अप्रूप, की तिने ती देव्हाऱ्यात देवाच्या तांब्याशेजारी ठेवली. तिचं बघून सगळ्यांनी तसंच केलं. श्रावणात झड लागली ती उघडेचना, भिंती पाझरल्या आणि देव्हाऱ्यांतल्या काड्या भिजून मऊ पडल्या. त्याच झडीत येसू बाळंत झाली. बाळ गार पडत चाललं आणि शेकायला घरात ठिणगी नव्हती. येसूच्या नवऱ्याला मागायची लाज वाटली, पण त्याने ओढ्याच्या काठावरून काकीला हाक मारलीच.

काकी लगेच उठली. खापरात निखारा झाकून घेतला, डोक्यावर इरलं घेतलं आणि निघाली. ओढ्याला तीन पुरुष पाणी होतं, असं म्हणतात. गुडघाभर होतं असंही काही जण म्हणतात, पण त्यांचं सावरदऱ्यात कुणी ऐकत नाही. पाणी दुभंगलं, पाऊस इरल्याला वळसा घालून गेला आणि काकीमागे कोरड्या पावलांची ओळ उमटत गेली. शेक मिळाला तसं बाळ असं रडलं, की काकीच्या डोळ्यांना धार लागली.

बारशापर्यंत काकी तिथेच राहिली. बाराव्या दिवशी घरी येऊन राख सारली, तर चूल थंडगार. काकी उंबऱ्यात बसून राहिली. जन्मभर दिलेला इस्तू आता मागायचा कसा? पोटात भूक होती, पण पाय उचलेना.

काकीच्या छपरातून धूर निघत नाही, हे येसूने पलीकडून पाहिलं. ती बाळाला पोटाशी बांधून आली. एका हातात निखाऱ्याचं खापर, दुसऱ्या हातात नवी कोरडी काडेपेटी. दोन्ही तिने काकीपुढे ठेवलं.

"काकी, कशानं पेटवू?"

काकीने दोन्हींकडे पाहिलं. मग काडेपेटी उचलली.

"ही वढायची कशी, दाव मला. आन् तू इस्तू झाकायचा शीक. देव्हाऱ्यात न्हाई ठिवायची गं ही, चुलीवरच्या कोनाड्यात ठिव."

तीन काड्या मोडल्या, चौथी पेटली. काकी लहान पोरीसारखी हसली, आणि ते हसू ऐकून झड एकदाची उघडली, असं म्हणतात.

आता सावरदऱ्यात घरोघरी गॅस आहे. तरी दिव्यांच्या अवसेला गाव एक चूल पेटवतं आणि थोरांनी धाकट्यांकडून, धाकट्यांनी थोरांकडून एकेक गोष्ट शिकायची, असा काकीच्या नावाने रिवाज आहे. निजण्याआधी गावातल्या सगळ्यात धाकट्या सुनेने त्या चुलीतला निखारा झाकायचा.

गेल्या अवसेला ऐंशीच्या हौसाबाई नातसुनेकडून फोनवर तोंड बघून बोलायला शिकल्या. सुरतेची लेक समोर दिसली तेव्हा आधी त्यांनी पदराने फोनची काच पुसली. मग त्यांनी विचारलं, "इस्तू झाकलास का गं?"

लेकीकडे विजेची शेगडी. तिने बटण बंद केलं आणि म्हणाली, "झाकला, आई."