आधी काटा की आधी पाणी?

मुलांनो, दोन हजार वर्षांपूर्वी ख्रिस्ती मंडळी नुकती उभी राहत होती, तेव्हाच तिच्यात मोठा वाद पेटला. पहिले विश्वासणारे यहुदी होते, वाडवडिलांचे नियमशास्त्र पाळणारे. पुढे यहुदी नसलेले लोकही विश्वास ठेवू लागले. मग त्यांनीही ते सारे नियमशास्त्र पाळायचे का? तो वाद वाचताना मला ही गोष्ट सुचली.

एका रानात चितळांचा एक जुना कळप होता. पाडस आठ दिवसांचे झाले की बाभळीच्या काट्याने त्याचा कान टोचायचा आणि परक्या प्राण्यांबरोबर कधी चरायचे नाही, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. एका उन्हाळ्यात सगळे पाणवठे आटले. तेव्हा एक टिटवी ओरडत आली, "घळीत झरा आहे! ज्याला तहान लागली आहे, त्याने यावे!" चितळांनी विश्वास ठेवला, धावत गेले, आणि खरोखरच थंडगार पाणी! टिटवी तशीच पुढे उडाली. तिची हाक ऐकून नीलगाई आल्या, चौशिंगे आले, ससेही आले. कळपाच्या म्हाताऱ्या नायकाला इतका आनंद झाला की तो नीलगाईंच्या शेजारी उभा राहून चरू लागला.

चार दिवसांनी मागे राहिलेली काही चितळे येऊन पोचली. त्यांतले एक मोठ्या शिंगांचे चितळ गरजले, "यांचे कान टोचलेले नाहीत! आधी काटा, मग पाणी!" त्यांनी झऱ्याची वाटच अडवली. आणि नायक? तो त्यांचा रोष नको म्हणून हळूच उठला आणि चितळांच्या बाजूला जाऊन बसला. दुपारपर्यंत नीलगाईचे वासरू उन्हाने कोलमडले. त्याची आई रडत म्हणाली, "टोचा हो याचा कान! पण घोटभर पाणी द्या!"

मोठ्या शिंगांच्या चितळाने काटा उचललाच होता, तेवढ्यात चितळांच्याच कळपातली एक हरिणी उडी मारून मध्ये उभी राहिली. पण ती बोलली नायकाशी, सगळ्यांदेखत. "बाबा, काल यांच्याबरोबर चरलात आणि आज तोंड फिरवता? टिटवीने हाक मारली, तेव्हा तिने कोणाचे कान पाहिले होते?"

नायकाची मान खाली गेली. मग तो उठला आणि पुन्हा नीलगाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "चुकलो मी. घाबरलो होतो," तो म्हणाला. "कान टोचले म्हणून आपल्याला झरा मिळाला नाही. हाकेवर विश्वास ठेवला म्हणून मिळाला. यांनीही तेच केले."

"म्हणजे आपले पूर्वज वेडे होते?" मोठ्या शिंगांचे चितळ संतापले.

"मुळीच नाही! आपल्या पाडसांचे कान आपण टोचू. पण जे ओझे आपल्यालाच जड गेले, ते यांच्या मानेवर कशाला? फक्त पाणी गढूळ करू नये आणि लहानग्यांना ढकलू नये, एवढे सगळ्यांनीच पाळावे."

"पाळू! पाळू!" नीलगाई आनंदाने ओरडल्या. वाट मोकळी झाली आणि खुरांचा नुसता धडधडाट उठला! वासराला दोन्ही बाजूंनी आधार देऊन हरिणीने आणि त्याच्या आईने पाण्यापाशी नेले. पहिला घोट पोटात जाताच त्याने कान फडफडवले, आणि ससे तर आनंदाने उड्याच मारू लागले. मोठ्या शिंगांचे चितळ मात्र बराच वेळ दूर उभे होते. त्याचे मन काही लगेच वळले नाही. शेवटी एक तहानलेला चौशिंगा मागे रेंगाळलेला पाहून ते म्हणाले, "ये, इथे जागा आहे," आणि स्वतः थोडे बाजूला सरकले.

तात्पर्य : आपल्या रीती आपण प्रेमाने जपाव्यात, पण ज्याला कृपेने बोलावले आहे त्याच्या वाटेत त्या आडव्या घालू नयेत.