बुडेल की तरंगेल

“…पण मुलांना आवडतं ना, बाई? मग त्यात वावगं काय आहे?”

उद्धव फडतरे सकाळपासून हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत होता. ओंबासे बाईंनी एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

बाई शाळेच्या पडवीत खुर्ची टाकून कोरा चहा पीत बसल्या होत्या. समोर खाडी. भरतीचं पाणी हळूहळू बंधाऱ्याला लागत होतं.

“आवडतं,” बाई शेवटी म्हणाल्या. “पेपरमिंटही आवडतं.”

उद्धव कसनुसा हसला.

अध्यापक विद्यालयात बाई त्याला शिकवायला होत्या, तेव्हापासून त्यांचं हे असंच होतं. खटावकडच्या कोरडवाहू गावातून शिक्षक व्हायला आलेला तो पोरगा. पाठ घेताना जीव तोडून शिकवायचा. इतरांचे पाठ संपले की बाई ‘बरा झाला’ म्हणायच्या, कधी ‘छान’सुद्धा म्हणायच्या. उद्धवचा पाठ संपला की नुसतं म्हणायच्या, “पुढचा कोण?”

ते त्याच्या मनात रुतून बसलं होतं.

नोकरी लागली ती थेट कोकणात, या मासेमारांच्या गावात. पहिलं वर्षभर मुलं त्याच्याशी धड बोललीही नाहीत. त्याला त्यांची भाषा कळेना, त्यांना त्याची. मग त्यानं खेळ सुरू केले. बाटल्यांची बुचं, नारळाच्या करवंट्या, जुनी कॅलेंडरं, चिंचोके. विकत काही आणायचं नाही, गावात पडलेलं असेल त्यातून शिकवायचं. एक-एक उपक्रम फोनवर चित्रित करून त्याचा व्हिडिओ तो इंटरनेटवर टाकत गेला. बघता बघता राज्यभरातले शिक्षक ते उतरवून घेऊ लागले. कुठून कुठून फोन यायचे. ‘सर, तुमच्यामुळे आमचा वर्ग बोलायला लागला.’

आता या व्हिडिओंचा संच, सोबत एक पुस्तिका, जिल्ह्यातल्या सगळ्या प्राथमिक शाळांना जाणार होता. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्याला बाईंच्या दोन ओळी हव्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या नको होत्या.

“लिहिते,” बाई फोनवर म्हणाल्या होत्या. “पण आधी वर्गात बसते.”

आणि दुखरे गुडघे घेऊन, कराडहून एसटीनं, कुंभार्ली घाट उतरून त्या खरोखरच आल्या.

“सगळं मोफत ठेवलंय, बाई,” उद्धव म्हणाला. “कुणाकडून काही घेत नाही.”

“कुणाकडूनच नाही?”

“नाही.”

“बघू…” बाईंनी कप खाली ठेवला. “चल, घंटा दे.”

तिसरीचा वर्ग. भिंती रंगवलेल्या, खिडकीत शिंपल्यांच्या माळा. उद्धवनं बाईंसाठी खुर्ची आणली होती. बाई खुर्ची ओलांडून मागे गेल्या आणि भिंतीला टेकून मुलांच्या सतरंजीवर बसल्या.

उद्धवनं आपला सगळ्यात गाजलेला उपक्रम घेतला. बुडेल की तरंगेल.

मधोमध पाण्यानं भरलेला टब. भोवती मुलं. टोपलीत खिळा, बूच, नाणं, आंब्याचं पान, काडी, दगड. आधी अंदाज सांगायचा, मग वस्तू पाण्यात सोडायची, मग कारण.

“सर, मला वाटतं, खिळा बुडेल. कारण तो लोखंडाचा आहे!”

“सर, माझा अंदाज वेगळा आहे!”

खिळा बुडाला. “अरे वा!” वर्ग एका सुरात म्हणाला.

बूच तरंगलं. “अरे वा!”

एकही मूल अडखळलं नाही. एकानंही दुसऱ्याला ढकललं नाही. शुद्ध, ठसठशीत, छापील मराठी. उद्धवचा ऊर भरून आला. त्यानं चोरून बाईंकडे पाहिलं. बाई टबाकडे पाहतच नव्हत्या. मुलांच्या तोंडांकडे पाहत होत्या.

उपक्रम संपला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

उद्धव थांबला. आता बाई ‘पुढचा कोण’ म्हणू शकत नव्हत्या. पुढचा कुणी नव्हताच.

बाई भिंतीचा आधार घेत उठल्या. टबापाशी आल्या. पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि रिकामं घर पाण्यात सोडलं.

डुबुक.

मुलांनी टबाकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना खिडकीच्या कट्ट्याकडे वळल्या. तिथे सरांचा फोन उभा करून ठेवलेला असायचा. आज कट्टा रिकामा होता. मग मुलांनी सरांकडे पाहिलं.

“अरे वा…” एकजण हळूच म्हणाला.

मग दोघं-तिघं. मग सगळा वर्ग. “अरे वा!”

“बुडलं का रे ते?” बाईंनी विचारलं.

मुलं सरांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होती.

उद्धव पुढे झाला. “बाई, त्यांना ही वस्तू नवीन आहे. टोपलीतली नाही, म्हणून जरा…”

“तू गप्प बस.”

तो एक पाऊल मागे सरला.

बाई मुलांत खाली बसल्या. गुडघा कटकन वाजला तशी दोन पोरं खुसखुसली.

“काय काय बुडतं, सांगा.”

“खिळा! नाणं! दगड!”

“आणि तरंगतं काय?”

“बूच! पान! काडी!”

“हे टबातलं झालं. टबाच्या बाहेरचं सांगा. एवढी खाडी आहे दाराशी.”

…

बाहेर कुणाची तरी होडी चालली होती. तिच्या इंजिनाचा आवाज वर्गात भरून राहिला आणि हळूहळू कमी झाला.

“भायेरचा नाय चालत,” दाराजवळची एक मुलगी म्हणाली. दुर्वा वासावे. लाल रिबिनी, बारीक चण.

“कुठे चालत नाही?”

“व्हिडिओत.”

“का गं? सर ओरडतात?”

“नाय. सर ओरडत नाय कधी.” दुर्वानं घाईनं मान हलवली. “फक्त व्हिडिओ परत घेतात.”

“तुझं परत घेतलं होतं?”

दुर्वानं उद्धवकडे पाहिलं. उद्धव टबातल्या पाण्याकडे पाहत होता.

“सर बोलले, काय बुडतं? मी बोलली, आमची होडी.”

“मग?”

“मग सर बोलले, नाणं बोल.”

“मग?”

“बोलली. नाणं.”

उद्धवला तो दिवस लख्ख आठवत होता. उजेड छान पडला होता. मुलं रंगात आली होती. आणि दुर्वानं ते म्हटल्याबरोबर सगळा वर्ग एकदम मलूल झाला. ‘हे नंतर बघू’ असं त्यानं मनाशी म्हटलं. दुर्वाच्या गालाला हात लावून, अगदी मायेनं म्हणाला, “बाळा, नाणं म्हण.” दिवाळीच्या सुट्टीत खाडीच्या तोंडाशी एक होडी बुडाल्याचं आपल्या गावाहून परतल्यावर त्याच्या कानावर आलं होतं. कुणाची, ते त्यानं विचारलं नव्हतं. आल्या आल्या चित्रण होतं, तयारी होती. त्या दिवशी तरी विचारायला हवं होतं. नंतर म्हणता म्हणता ते राहून गेलं.

त्याचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच. लोकांना दुर्वाचंच बोलणं आवडायचं. किती गोड म्हणते, नाणं!

“मी तो काढून टाकतो, बाई,” तो म्हणाला. “आत्ता काढतो.”

“कशाला? नाणं बुडतंच की. चुकीचं काय आहे त्यात?”

“बाई…”

“राहू दे. शाळा-शाळांत दाखव. पोरं म्हणतील, अरे वा.”

त्यानं खालचा ओठ दातांत धरला. चाळिशीला आलेला माणूस. तिसरीच्या पोरांसमोर त्याला रडायचं नव्हतं.

“मग मी करू काय? तुम्ही कधीच काही सांगितलं नाहीत. दोन वर्षं नुसतं पुढचा कोण, पुढचा कोण! काय चुकतंय ते एकदा तरी सांगायचं होतं!”

बाईंनी ऐकून घेतलं.

त्या उठल्या. टबाच्या कडेला दोन्ही हात घातले आणि टब दाराकडे ओढू लागल्या. पाणी हिंदकळून सतरंजीवर सांडलं. उद्धव मदतीला धावला. बाईंनी त्याचा हात कोपरानं बाजूला सारला. धापा टाकत, थांबत थांबत, त्यांनी टब उंबऱ्यापर्यंत नेला आणि पडवीत उलटा केला.

खिळा, नाणं, बूच, पान, सगळं फरशीवरून घरंगळत गेलं. मुलं तोंडाला हात लावून पाहत राहिली. या वेळी कुणी ‘अरे वा’ म्हटलं नाही.

बाईंनी चष्म्याचं घर उचललं, पदराला पुसलं.

“विचार तिला,” त्या म्हणाल्या.

“काय?”

बाईंनी दुर्वाकडे बोट केलं.

उद्धव दुर्वाजवळ गेला. ओल्या सतरंजीवर गुडघे टेकून बसला. त्याची पँट भिजली. इतकं निरखून त्यानं त्या मुलीला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या भुवईवर जुनी खोक होती. तो ती रोज फोनच्या पडद्यावर बघत होता आणि तरी त्याला ती ठाऊक नव्हती.

“दुर्वा… तुमची होडी कशी बुडाली गं?”



दुर्वा उठली. गणवेशाचा घोळ खाली ओढला. रिबिनी चाचपल्या. दोन पावलं पुढे येऊन खिडकीच्या उजेडात, नेहमीच्या जागी, ताठ उभी राहिली. हात मागे बांधले.

मग तिनं सरांच्या खिशातल्या फोनकडे पाहिलं.

“सर,” तिनं विचारलं, “हसून सांगू?”

…

उद्धवनं वळून बाईंकडे पाहिलं.

विद्यार्थी होता तेव्हापासून बाई त्याला अरे-तुरे करत आल्या होत्या. आज सकाळीही, एसटीतून उतरताना, ‘बॅग धर रे’ म्हणाल्या होत्या.

“सांगा ना, सर,” बाई म्हणाल्या. “कसं सांगायचं तिनं?”