वेशीवरची जळती पाहुणी

एका राज्यात एक भट्टी होती, आणि ती माणसासारखी चालत असे. मांत्रिकानं ती राजाला दिली होती. मातीचं सोनं करी. पण जिथं बसे तिथलं पाणी कडू होई, वासरं आंधळी जन्मत. राणीला खोकला लागला, तसा राजा म्हणाला, "लांब जा." पेठेतल्या बड्या लोकांनी तक्रार नेली, तेव्हाही तेच. सरकत सरकत ती करंजवाडीच्या वेशीवर आली.

करंजवाडीची रीत अशी, की वेशीवर येईल त्याला गूळपाणी द्यायचं. त्या दिवशी पाळी सगुणाबाईची. तिनं दिलं. भट्टी बसली ती बसलीच.

चार महिन्यांत विहीर कडू झाली. गाव म्हणालं, "ढोल बडवा, हाकला तिला." सगुणा तेवढी विहिरीवरच थांबली. नदीच्या खालच्या अंगाला उंबरखेड. तिथं तिची लेक, सातव्या महिन्यातली.

विहिरीवरची टिटवी बोलली, "बाई, हाकललीत तर ती उंबरखेडलाच जाईल. तू गूळपाणी दिलंस, तुझ्यामागं ती चालेल. जिच्या सोन्यावर राजा बसलाय, तिला त्यानं आपल्या दारी गूळपाणी दिलं, तरच ती विझेल. वाटेत तीन वेशी आहेत. तिथं कुणी देता कामा नये."

सगुणा त्या कडू विहिरीची घागर भरून निघाली, मागं भट्टी. मानेवर धग लागत होती. मागं बघायची छाती होईना.

पहिल्या वेशीवर भाबडी माणसं तांब्या घेऊन धावली. तिनं त्यांना घागरीतलं पाणी चाखवलं. तांब्या मागं गेला.

दुसऱ्या वेशीवर पाटील म्हणाला, "मावशी, पोरं रिकामी बसलीत. हिला राहू दे, हाताला काम मिळेल."

"मिळेल की, बाबा. कामावरनं आल्यावर प्यायचं काय?"

पाटील बाजूला झाला.

तिसऱ्या वेशीवर माणसं कापत होती. "राजाची वस्तू. नाही कसं म्हणावं?"

"नका म्हणू," म्हणत सगुणानं त्यांच्या हातातला गूळ स्वतःच खाल्ला, पाणीही तीच प्याली. "झाला पाहुणचार."

ती महालापाशी पोचली, तसा राजा दारात आला. "म्हातारे, हिला लांब ने."

"लांब म्हणजे कुणाचं तरी दारच की, महाराज."

सारं नगर बघत होतं. टिटवी छपरावरून म्हणाली, "राजाच्या दारी गूळपाणी नाही?"

राजानं मान खाली घातली आणि गूळपाणी दिलं. भट्टीनं एक सुस्कारा टाकला. मातीचा ढीग उरला. महालाचं सोन्याचं छप्पर कौलांचं झालं. गळलं मात्र नाही.

विहिरी गोड झाल्या. उंबरखेडला सगुणाच्या लेकीला मुलगी झाली. आजीनं बोट हलवलं, अन् नातीचे डोळे त्या बोटामागं फिरले. तिथं सगुणाचा जीव भांड्यात पडला, अन् आपली गोष्टही तिथंच टेकली.