बापूंनी हातात धरलेला चहा

एकदा एका राज्यात एक जुन्या वळणाचा पक्ष होता. नवी गोष्ट समोर आली की आधी तिला चारही बाजूंनी बघायचं, आणि वडिलांनी घालून दिलेली रीत सहसा सोडायची नाही, असा त्याचा स्वभाव. लोक त्याला मान देत, मतंही देत, पण राज्य हाती यावं इतकी देत नसत. त्यामुळे त्या पक्षाचं आयुष्य बहुतेक विरोधी बाकांवरच गेलं.

त्या बाकांवर दौलतराव नावाचे गृहस्थ पुष्कळ वर्षं विरोधी पक्षनेते होते. सगळे त्यांना बापू म्हणत. त्यांची एक गोष्ट राज्यभर माहीत होती. अधिवेशनाच्या आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात आणि विरोधक त्या चहावर बहिष्कार घालतात, अशी तिथली रीत. बाकीचे विरोधक पुढे सैल झाले. कुणी मागच्या दाराने जाऊन येई, कुणी दुसऱ्या दिवशी सकाळी जाई आणि तो चहा नव्हे, नाश्ता होता असं सांगे. बापू कधीच गेले नाहीत. एकदा तर मुख्यमंत्री त्यांचे सख्खे व्याही होते. लेकीनं फोन करून विचारलं, बाबा, यंदा तरी याल ना? बापू तिला म्हणाले, तू माहेरी ये, तुला घरचा चहा पाजतो.

लोक हसत, पण बापू सभागृहात उभे राहिले की मंत्री कागद सावरून बसत.

वय झालं तशी बापूंनी निवडणूक सोडली आणि गावी जाऊन राहिले. त्यांच्या हाताखाली शिकलेला विश्वंभर विरोधी पक्षनेता झाला. माणूस सरळ, अभ्यासू, पण काळजी करणारा. रात्रीची झोप त्याला त्या पदानं कधी लागू दिली नाही. पक्षाचे प्रतोद भगवंतराव त्याच्या पाठीमागे म्हणत, हा पोरगा मऊ आहे, सरकार याला खिशात घालेल. हे त्याच्या कानावर येई, आणि मग तो सभागृहात गरज नसताना आवाज चढवी.

हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं होतं. चहाच्या दिवशी सकाळीच विश्वंभर बापूंच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी केलेली नव्हती. हातात प्लॅस्टिकची एक बाटली होती आणि तिच्यात चहाच्या रंगाचं पाणी.

बापूंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, तेव्हा तो सांगू लागला.

त्याच्या मतदारसंघात बोरखेडी नावाचं गाव आहे. गावाच्या वर मातीच्या बांधाचा मोठा तलाव. यंदा तलाव काठोकाठ भरलेला. बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपतं, ते नेहमीचंच. पण आता ते गढूळ येऊ लागलं होतं.

बापूंनी बाटली उजेडात धरली. "आधी स्वच्छ यायचं?"

"नितळ यायचं, बापू. बायका भांडी घासायला न्यायच्या."

गढूळ पाणी म्हणजे बांध आतून माती सोडतोय, हे दोघांनाही कळत होतं. त्या बांधाखाली सगळं गाव निजतं.

उपाय साधा होता. तलावाचं दार उघडायचं आणि पाणी निम्म्यावर आणायचं. पण त्यात रब्बीचं पाणी वाहून जाणार, आणि हुकूम सरकारचा लागणार. विश्वंभरानं मागच्या अधिवेशनात बांधाचा प्रश्न मांडला होता. मांडला तो गर्जून. बांधाच्या दुरुस्तीत सरकारनं माती खाल्ली, असं म्हणाला. बाकं वाजली, भगवंतरावांनीही पाठ थोपटली. पाटबंधारे मंत्री उठले आणि म्हणाले, बांध भक्कम आहे. भर सभागृहात एकदा भक्कम म्हटलेला बांध मंत्र्यानं पुन्हा कसा तपासायचा? तो विरोधकांचा विजय झाला असता. नंतर विश्वंभरानं फोन केले, भेट मागितली. तिकडून निरोप आला, आज चहाला या, बोलू.

"गेलो तर भगवंतराव संध्याकाळपर्यंत मला विकला गेलेला ठरवतील," विश्वंभर म्हणाला. "पद जाईल ते जाईल, पण मग बांधाबद्दल मी काहीही बोललो तरी लोक म्हणतील, सौदा फिसकटला म्हणून ओरडतोय. आणि नाही गेलो तर..." त्यानं बाटलीकडे बघितलं. "गावकऱ्यांना म्हटलं, वरच्या शाळेत राहायला चला. ते म्हणतात, मंत्री भक्कम म्हणाले ना."

बापूंनी बाटलीचं बूच घट्ट केलं. मग आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा कोट होता, डोक्यावर टोपी. बाटली त्यांनी आपल्या कापडी पिशवीत घातली.

"गाडी काढ," ते म्हणाले.

"कुठे जायचं, बापू?"

"चहाला."

विश्वंभराला वाटलं, वयानं म्हाताऱ्याला भ्रम झाला. वाटेत त्यानं दोन-तीनदा विषय काढला. बापू खिडकीतून उसाकडे बघत राहिले. तालुक्याचं गाव आलं तेव्हा म्हणाले, यंदा तुरे लवकर आलेत. बाकी काही नाही.

मुख्यमंत्र्यांच्या बंगल्याच्या अलीकडे बापूंनी गाडी थांबवायला लावली. तू आत यायचं नाहीस, म्हणाले. काठी टेकत एकटेच निघाले. फाटकापाशी वार्ताहर पेंगत होते, कारण बहिष्काराच्या चहात बातमी नसते. एकानं बापूंना ओळखलं. मग सगळे धावले. बापूंनी एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. टोपी सारखी केली आणि फाटकातून आत गेले.

विश्वंभर गाडीत बसून राहिला. फोन वाजू लागला. भगवंतराव, मग दुसरे, मग पुन्हा भगवंतराव. त्यानं फोन सीटवर पालथा ठेवला. फोन तिथेच थरथरत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर कधी बांध येई, कधी बापूंची पांढरी टोपी. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. बंगल्यातले दिवे लागले तरी बापू बाहेर आले नाहीत.

आत काय घडलं ते पुढे तिथल्या वाढप्यांनीच सांगितलं. मुख्यमंत्री स्वतः उठून सामोरे आले. छायाचित्रकार पुढे सरसावले. बापूंना मधल्या खुर्चीवर बसवून हातात कप दिला गेला. बापूंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. चहाचा आणि त्या पाण्याचा रंग एकच होता. मुख्यमंत्र्यांनी विचारलं, हे काय? बापू हळू आवाजात म्हणाले, हे बोरखेडीच्या बांधातून येतंय. दार उघडायचा हुकूम सुटला की मी हा चहा घेतो. तोवर धरून बसतो.

आणि खरंच धरून बसले. कपाखाली बशी किणकिणत होती. पाटबंधारे मंत्री काहीतरी भक्कमपणाचं बोलू लागले, तसं मुख्यमंत्र्यांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. चहावर साय धरली. शेवटी मंत्री उठून फोन करायला गेले. परत येऊन हुकूम दिल्याचं त्यांनी सांगितल्यावर बापूंनी तो गार चहा सायीसकट घेतला, कॅमेऱ्यांसमोर, शेवटच्या घोटापर्यंत.

बापू गाडीत येऊन बसले तेव्हा दमलेले होते. विश्वंभरानं बोरखेडीला फोन लावला. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. दार उघडलं होतं.

गाडी शहराबाहेर पडल्यावर त्यानं विचारलं, "बापू, आयुष्यभर जे केलं नाही ते आज का केलंत?"

बापू म्हणाले, "अरे, आयुष्यभर केलं नाही म्हणूनच तर आज उपयोगी पडलं. जो रोज मागच्या दारानं जातो, तो पुढच्या दारानं गेला तर कोण बघतं? मुख्यमंत्र्याला माझा फोटो हवा होता. त्यापुढे मंत्र्याचा शब्द फिरला तरी त्याला चालणार होतं. तू रीत पाळतोस ती लोकांनी कडक म्हणावं म्हणून. तशी पाळू नये. रीत पाळली की तिच्यात वजन साठत जातं. ते आपलं नसतं, लोकांचं असतं. लोकांवर वेळ आली की एकदाच, उघड्यावर, ते खर्चून टाकायचं."

थोडं थांबून म्हणाले, "माझं आता संपलं. उद्या पक्ष माझा निषेध करील. तूही कर. तुझं नाव अजून पुढे लोकांच्या कामी यायचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांत तो फोटो होता. दार उघडल्याची बातमी आतल्या पानावर, दोन ओळींची. पक्षाच्या बैठकीत भगवंतराव बोलले आणि चांगलं बोलले. ज्यानं रीत शिकवली त्यानंच ती विकली, असं म्हणाले. कार्यालयातली बापूंची तसबीर काढायचं ठरलं. निषेधाचा ठराव नेत्यानं मांडायचा, म्हणून सगळे विश्वंभराकडे बघू लागले.

विश्वंभर उभा राहिला. या वेळी आवाज चढवलेला नव्हता.

"बापूंनी रीत मोडली हे खरं आहे. रीत चांगली आहे, पुढेही पाळू. पण त्यांना तिथे नेणारी गाडी माझी होती. बांध माझ्या मतदारसंघातला होता आणि त्याच्यावर गर्जून मीच तो प्रश्न अडकवून ठेवला होता. निषेध करायचा तर माझ्यापासून सुरुवात करा."

एक जुने आमदार चष्मा पुसत राहिले. ते अधिवेशन संपायच्या आत भगवंतराव विरोधी पक्षनेते झाले आणि विश्वंभर मागच्या बाकावर गेला.

अधिवेशन संपल्यावर तो पुन्हा बापूंच्या दारात आला. पिशवीत बाटली होती. मन धास्तावलेलं होतं, कारण जपायला सांगितलेलं नाव तो पहिल्याच दिवशी घालवून बसला होता. बापूंनी बाटली उजेडात धरली. बांधाखालचं पाणी नितळ आलं होतं. त्यांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली.

"मी सांगितलं तसं केलं नाहीस," ते म्हणाले.

"नाही, बापू."

"मागच्या बाकावरून ऐकू येतं का नीट?"

"पुढचे गप्प बसले तर येतं."

बापू हसले. "आता तू उभा राहिलास की गप्प बसतील. स्वतःविरुद्ध खरं बोललेला माणूस त्यांनी पाहिलाय. तुझ्याही चहाला आता मोल आलं. जपून ठेव."

मग त्यांनी आत सुनेला हाक मारून दोन कप चहा टाकायला सांगितला. या वेळी त्यांनी तो गरम असतानाच घेतला. विश्वंभर समोर बसला होता, आणि पुष्कळ दिवसांनी त्याला बसल्या बसल्या झोप आली.

आपणही कसला ना कसला नेम पाळतो. तो कुणासाठी पाळतोय, एवढं ज्याचं त्यानं मनाशी विचारून ठेवावं.