राख सांडणारी शेगडी

भांडीकुंडी माणसांशी बोलत होती, त्या काळातली ही गोष्ट. सगुणाबाईंच्या परसात एक शेगडी होती, जुन्या बादलीला आतून माती लिंपून केलेली. हवा लागावी म्हणून तिच्या पोटाशी एक तोंड कापलेलं होतं आणि त्यातून सारखी राख सांडायची.

एके दिवशी सुनेने बाजारातून नवी शेगडी आणली. चकचकीत, खाली एकही भोक नसलेली. "शी! किती सांडतेस गं," नवी म्हणाली. "माझ्याखाली बघ, कणभर राख दिसणार नाही."

जुनीला ते झोंबलं. "सांडते खरी," ती ठसक्यात म्हणाली. "चौदा वर्षं सांडतेय."

सगुणाबाईंनी दोघींत सारखेच कोळसे पेटवले आणि वर भरताची वांगी ठेवली. "जिची नीट भाजतील ती राहील. दुसरी भंगारात."

नवीचे निखारे आधी लालभडक झाले. मग राख तिच्या पोटातच साचत गेली आणि निखारे राखेखाली गुदमरून विझले. वांगी वरून काळी, आतून कच्ची. जुनीवरची मात्र पार देठापर्यंत मऊ झाली.

सगुणाबाईंनी भंगारवाल्याला हाक मारली, तशी नवी थरथरू लागली. जुनीला राहवलं नाही. "बाई, भंगारवाला कशाला? खिळा-हातोडा आणा."

पहिल्या घावाला नवी कळवळली. दुसऱ्या घावाला म्हणाली, "बाई, भोक जरा मोठंच पाडा. मलाही सांडायचंय."