द्रुपदाबाईचा चौकोन

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात द्रुपदा नावाची एक बाई राहत होती. त्या गावात वर्षातले सहा महिने धुकं आणि सहा महिने वारा, त्यामुळे घरोघरी बायका लोकरीचं विणायच्या. पण विणायच्या कशा, तर वितीनं मोजून. टोपी झाली की ज्याच्या डोक्यात जाईल त्याची. लहान झाली तर धाकट्याला, मोठी झाली तर म्हाताऱ्याला. कुणाचं काही अडत नव्हतं.

द्रुपदाबाई शाळेत कधी गेली नव्हती. पण तिच्या सुया चालायला लागल्या की बघत राहावं. ओळीतला पहिला टाका ती विणायची नाही, नुसता या सुईवरून त्या सुईवर सरकवायची. त्यामुळे तिच्या कामाच्या काठाला बारीक वेणीसारखी साखळी यायची. गावात तशी साखळी दुसऱ्या कुणाची नव्हती.

एका वर्षी पलीकडच्या डोंगरावरच्या निवासी शाळेनं गावच्या महिला मंडळाला मुलांसाठी साठ स्वेटर विणायला सांगितले. शाळेच्या शिवणाच्या मालशेबाई एक मोठा कागद घेऊन आल्या. कागदावर चौकटीच चौकटी, आणि मधोमध काळ्या चौकटींचं झुपकेदार शेपटीचं शेकरू. ते शेकरू प्रत्येक स्वेटरच्या छातीवर यायला हवं होतं.

मंडळाच्या अध्यक्षा होत्या सुलोचनाताई. सातवी झालेल्या. त्यांनी कागदाकडे एकदा बघितलं आणि जाहीर केलं की ज्यांना वाचता येतं त्यांनी विणावं, बाकीच्यांनी लोकरीचे गुंडे करावेत. बाकीच्या म्हणजे कोण, तर एकटी द्रुपदा. इतर अकरा जणींना अडखळत का होईना, अक्षर लागत होतं.

द्रुपदाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सुलोचनाताईंच्या नवऱ्याच्या अंगावर त्या घडीला जो स्वेटर होता, तो तिनंच विणला होता. तेव्हा कुणी तिची इयत्ता विचारली नव्हती.

तिनं सरळ मालशेबाईंना विचारलं, "बाई, या कागदावर अक्षर कुठं आहे ते मला दाखवा."

मालशेबाईंनी कागद खालपासून वरपर्यंत बघितला आणि त्यांना हसू आलं. एकही अक्षर नव्हतं. मग त्यांनी समजावलं. एक चौकट म्हणजे एक टाका. कोरी चौकट पांढऱ्या लोकरीची, काळी चौकट तपकिरी लोकरीची. वाचायचं खालून वर. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, काम उलटवलं की दुसरी ओळ डावीकडून उजवीकडे.

"म्हणजे नांगरटीसारखं," द्रुपदाबाई म्हणाली. "बांधापर्यंत जायचं, बैल वळवायचे आणि शेजारच्या तासानं परत यायचं."

मालशेबाई म्हणाल्या की आपण शाळेत आठ दिवस शिकवतो, तेव्हा कुठं मुलींना एवढं कळतं. सुलोचनाताईंना ते आवडलं नाही.

मालशेबाईंची एक अट होती. कुणाचा हात सैल असतो, कुणाचा घट्ट. म्हणून आधी प्रत्येकीनं तळहाताएवढा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा. चार इंचांत किती टाके बसतात ते त्या मोजणार आणि त्यावरून जिला तिला टाके ठरवून देणार. ज्या हाताचा स्वेटर, त्याच हाताचा चौकोन. जिचा चौकोन नाही, तिला विणायला लोकर नाही. चौकोन सोमवारपर्यंत सुलोचनाताईंकडे द्यायचे, त्या नावाच्या चिठ्ठ्या लावून शाळेत पाठवतील.

द्रुपदाबाई उन्हात उंबऱ्यावर बसली. पहिल्या चौकोनात तिनं शेपटीचा तुकडा घालून बघितला, पण बैल वळवायला विसरली. दोन्ही ओळी एकाच बाजूनं वाचल्या आणि शेपटीच्या चिंध्या झाल्या. उसवला. दुसरा साधाच विणला. तो जरा मोठा दिसावा म्हणून ओला असताना चारी बाजूंनी ताणून वाळत घातला. मग तिची तिलाच लाज वाटली. आपल्याच हाताला खोटं बोलायला लावायचं? तोही उसवला. तिसरा चौकोन झाला तसा धुतला, झाला तसा वाळवला आणि रविवारीच नेऊन दिला.

मंगळवारी शाळेतून यादी आली. तिच्यात द्रुपदाबाईचं नाव नव्हतं.

सुलोचनाताई म्हणाल्या, "तुझा चौकोन कुठं गेला कळलंच नाही गं, द्रुपदे. उंदरांनी नेला असेल. पुढच्या वर्षी बघू."

अकरा जणी तिथंच बसल्या होत्या. अकराही जणी आपापल्या सुयांकडे बघत राहिल्या. लोकर सुलोचनाताईंच्या ओसरीवरून वाटली जात होती ना. कोण बोलणार?

मालशेबाई पलीकडच्या डोंगरावर, आणि त्यांच्याकडे निरोप जायचा तो सुलोचनाताईंच्याच हातून. द्रुपदाबाई धुमसत गुंडे करायला बसली. पण गुंडा तिनं एकही वाईट केला नाही. लोकर ताणून गुंडाळली की धुतल्यावर विणकाम आवळतं. म्हणून प्रत्येक गुंड्यात दोन बोटं घालून ती सैल गुंडाळायची. राग तिचा सुलोचनाताईंवर होता. तो गुंड्यात गुंडाळला असता, तर पोरांच्या अंगावर गेला असता.

महिन्याभरानं मालशेबाई माप बघायला आल्या. बरोबर तिसरीतली एक मुलगी होती. पहिला मान सुलोचनाताईंच्या स्वेटरचा. शेकरू छान उठलं होतं. मुलीनं हात वर केले, स्वेटर डोक्यातून घातला आणि खांद्यांवर अडकला. खाली येईना, वर जाईना.

आतून आवाज आला, "बाई, मी आतच राहू का?"

मालशेबाईंनी तिला सोडवलं आणि पट्टी लावली. छाती बारा इंच रुंद हवी होती, ती भरली साडेनऊ. टाके मात्र सांगितल्याप्रमाणे सहासष्ट, एकही कमी नाही.

सुलोचनाताईंनी क्षणभरही वेळ घेतला नाही. लोकर आवळली, म्हणाल्या. गुंडे घट्ट गुंडाळले की असंच होतं. आणि गुंडे कुणी केले ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना कागद वाचता येत नाही, त्यांच्यावर गुंड्यांचंसुद्धा काम सोपवायला नको होतं.

आता बोला. काम हिरावून घेतलं ते घेतलंच, वर बिघडल्याचा ठपकाही तिच्याच माथी. आणि त्या अकरा जणी पुन्हा आपल्या सुयांकडे बघत होत्या.

मालशेबाईंनी पिशवीतून चौकोन काढले आणि 'सुलोचना' अशी चिठ्ठी लावलेला चौकोन टेबलावर ठेवला. चार इंचांत बावीस टाके. हिशेब बरोबर होता. द्रुपदाबाई वाकली. चौकोनाच्या काठाला बारीक वेणीसारखी साखळी होती.

तिची कानशिलं तापली. पण ती ओरडली नाही. तिनं आपण केलेला एक गुंडा उचलून टेबलावर ठेवला.

"दोघींना इथं बसवा, बाई. लोकर याच गुंड्यातली, सुया सारख्या. एकेक चौकोन विणू. गुंडा वाईट असेल तर माझाही आवळेल."

सुलोचनाताईंना घरचं काम आठवलं. मालशेबाई एवढंच म्हणाल्या, "बसा."

दोघींनी विणलं. दोन्ही चौकोन धुतले, उन्हात वाळवले. तोवर कुणी घरी गेलं नाही. द्रुपदाबाईच्या चौकोनात बावीस टाके भरले, काठाला साखळी. सुलोचनाताईंच्या चौकोनात अठ्ठावीस भरले, काठ साधा. मालशेबाईंनी चिठ्ठीचा चौकोन दोघांच्या मधे ठेवला. तो कुणाचा, हे तिसरीतल्या मुलीलाही दिसलं.

सुलोचनाताई पुटपुटल्या, "एवढ्याशा तुकड्यावरून केवढं करायचं ते."

"तुकडा खरंच बोलला, ताई," द्रुपदाबाई म्हणाली. "तो माझ्या हाताबद्दल बोलला, आणि विणलं तुम्ही."

मग ती वळली. खरा संताप आता बाहेर आला.

"आणि तुम्ही अकरा जणी. ही साखळी मी विणलेल्या तुमच्या घरच्या टोप्यांना आहे. ओळखली नाहीत?"

त्यांच्यातली एक कशीबशी बोलली. चिठ्ठी लावली तेव्हाच ओळखली होती, पण ताईंशी वाकडं कोण घेणार, ओसरी त्यांची.

"मग थंडी पडली की पोरांच्या अंगावर तुमचं गप्प बसणं घाला," द्रुपदाबाई म्हणाली.

अकरा जणींनी सुया खाली ठेवल्या.

मालशेबाईंनी यादीत द्रुपदाबाईचं नाव सगळ्यांत वर लिहिलं आणि लोकर वाटायचं कामही तिच्याकडे दिलं. सुलोचनाताईंना तो स्वेटर सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं उसवावा लागला. उसवलेल्या लोकरीचा गुंडाही त्यांनीच करायचा होता. रागारागात त्या तो घट्ट गुंडाळायला लागल्या, तेव्हा द्रुपदाबाईनं त्यांचा हात धरला.

"सैल करा, ताई. दोन बोटं आत घाला. पोराच्या अंगावर जायचं आहे."

नंतर सुलोचनाताईंच्या खऱ्या चौकोनावरून त्यांना टाके ठरवून दिले. चौऱ्याऐंशी पडले. त्यांचा स्वेटर त्या मुलीला बरोबर बसला. हात घट्ट असणं काही गुन्हा नव्हता. पहिल्याच दिवशी आपला चौकोन दिला असता, तरी चौऱ्याऐंशीच पडले असते.

तात्पर्य: आपला हात जसा आहे तसा खरा दाखवला तर त्याला बसेल असं काम मिळतं, दुसऱ्याच्या हाताचं माप आपल्या नावावर खपवलं तर काम उसवावं लागतं, आणि ती लबाडी ओळखूनही जो गप्प बसतो तो तिच्यात निम्मा भागीदार असतो.